गुरूवरची उलटी गंगा

१९७९च्या जानेवारीत व्हॉयेजर-१ हे यान गुरूपासून अजून पाच-सहा कोटी किलोमीटर दूर होतं. तिथून पुढे जवळजवळ महिनाभर त्याच्या कॅमेऱ्याने एक काम नेमाने केलं. गुरूची स्वतःभोवती एक फेरी झाली, म्हणजे साधारण दहा तास उलटले, की एक छायाचित्र घ्यायचं. प्रत्येक चित्रात ग्रहाची तीच बाजू समोर. ही चित्रं एकापाठोपाठ एक जोडून पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत चालवून पाहिली, तेव्हा गुरूची हवा प्रत्यक्ष वाहताना दिसू लागली.

पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी तोवर दाखवलेला गुरू हा सूर्यमालेतला सर्वांत टापटीप ग्रह होता. विषुववृत्ताला समांतर गडद पट्टे, त्यांच्या मधे फिकट पट्टे, आणि त्यांच्या सीमांवरून आलटून-पालटून पूर्वेला आणि पश्चिमेला धावणारे वारे. हे वारे हौशी निरीक्षकांनीच मोजले होते. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रात्रीमागून रात्री एकेक ठिपका ग्रहाच्या मध्यरेषेवरून कधी सरकला याच्या वेळा टिपत होती. पिढ्या बदलल्या, वाऱ्यांचे वेग मात्र जवळपास तेच भरत राहिले.

व्हॉयेजरच्या चित्रमालिकेत त्याच पट्ट्यांच्या आत नुसती धुमश्चक्री दिसली. ढगांचे गोळे एखाद-दोन दिवसांत जन्मायचे, शेजारी-शेजारी उलट धावणाऱ्या दोन वाऱ्यांच्या कात्रीत सापडून ताणले जायचे आणि फाटून नाहीसे व्हायचे. काही ठिपके गुरूच्या प्रसिद्ध तांबड्या डागाच्या, म्हणजे तिथल्या एका प्रचंड भोवऱ्याच्या, काठाशी पोचत, आठवड्याच्या आत त्याला एक प्रदक्षिणा घालत, आणि त्यातले काही डाग गिळून टाकत असे.

ज्या हवेत ढगाला दोन दिवसांचं आयुष्य नाही, तिच्यात शंभर-शंभर वर्षांचे पट्टे टिकतात कसे? कोणालाही पहिल्यांदा सुचेल ते उत्तर असं, की खाली खोलवर काहीतरी भक्कम असणार आणि वरची खळबळ हा त्याच्यावरचा फेस. पट्टे या खळबळीला न जुमानता टिकत असणार. खरं उत्तर निघालं ते नेमकं उलटं: पट्टे जगतात ते या खळबळीवरच. आणि व्हॉयेजर पोचायच्या आधीच हे उत्तर बहुतांशी कागदावर तयार होतं. ते शोधणाऱ्या बहुतेकांना गुरूशी काही देणंघेणं नव्हतं. कोणी पृथ्वीच्या हवामानाच्या मागे होतं, कोणी समुद्राच्या, कोणी निव्वळ गणिताच्या.

त्यांच्या वाटेत एक अडचण होती, आणि ती अडचण म्हणजे एक पूर्णपणे बरोबर असलेलं ज्ञान. कपातला चहा ढवळून चमचा बाहेर काढला, की मोठा भोवरा क्षणभर फिरतो, त्याचे लहान भोवरे होतात, त्यांचे आणखी लहान, आणि शेवटी चहा शांत होतो. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली ही उतरंड मांडली. १९४१ मध्ये रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी तिचा नियम दिला: कोणत्या आकाराच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा असते, हे त्यातून काढता येऊ लागलं. ऊर्जा मोठ्याकडून लहानाकडे उतरत जाते आणि तळाशी द्रवाचा चिकटपणा तिची उष्णता करून टाकतो. पाइपातलं पाणी, नदी, पंख्यामागची हवा, सगळीकडे हे पटत गेलं. त्यामुळे खळबळ म्हणजे विस्कटणं, पुसणं, संपवणं, हे समीकरण शास्त्रज्ञांच्याही डोक्यात घट्ट बसलं.

पण पृथ्वीच्या हवेचा हिशेब त्यात बसत नव्हता. १९२६ साली केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीझ यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांत जमिनीलगत पश्चिमेकडून वारे वाहतात. जमिनीशी घर्षण होऊन ते थांबायला हवेत. थांबत नाहीत, याचा अर्थ कोणीतरी त्यांना सतत संवेग पुरवत असणार, आणि हे काम करू शकतील अशी त्या भागात फिरणारी वादळं, आवर्त आणि प्रत्यावर्त, एवढीच काय ती उरतात. म्हणजे ज्यांना आपण वाऱ्यातला बिघाड समजतो, तेच वाऱ्याचे अन्नदाते. त्या वेळी उंचावरच्या हवेची मोजमापं इतकी तुटपुंजी होती की हा तर्क तसाच पडून राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर फुग्यांना बांधून सोडलेल्या रेडिओ-उपकरणांकडून रोज उंचावरच्या वाऱ्यांच्या नोंदी येऊ लागल्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत व्हिक्टर स्टार यांच्या गटाने वर्षानुवर्षं त्यांची बेरीज-वजाबाकी केली. काम रुक्ष, पण निष्कर्ष धडधडीत होता: वादळं संवेग गोळा करून उंचावरच्या वेगवान झोतवाऱ्याकडे, म्हणजे जिथे संवेग आधीच जास्त आहे तिकडे, नेऊन टाकतात. चिकटपणा म्हणजे वेगवान थराने आपला वेग शेजारच्या मंद थराला देणं. इथे मंद थर आपल्याकडचं होतं नव्हतं ते वेगवान थराला देत होते. स्टार यांनी याला नावच ‘ऋण चिकटपणा’ असं दिलं आणि १९६८ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही खटकेल असं हे नाव. माझ्या मते ते मुद्दाम खटकावं म्हणूनच ठेवलेलं असावं.

हे का घडतं, याचं उत्तर मात्र एका नॉर्वेजियन माणसाने आधीच देऊन ठेवलं होतं. राग्नार फ्योर्टोफ्ट हे संगणकावर पहिला हवामान-अंदाज काढणाऱ्या चमूत होते. मेरीलँडमधल्या ॲबर्डीन इथे एनिॲक यंत्रावर १९५० साली ज्यूल चार्नी आणि जॉन फॉन नॉयमन यांच्या बरोबरीने त्यांनी हे काम केलं. चोवीस तासांचा अंदाज काढायला यंत्राला जवळजवळ चोवीस तासच लागत, ही त्यातली गंमत. त्या अंदाजातली हवा हा एकच सपाट थर होता. यंत्राला त्याहून जास्त झेपत नव्हतं. या सपाट थराकडे फ्योर्टोफ्ट यांनी गणिताच्या नजरेने पाहिलं आणि १९५३ मध्ये एक प्रमेय मांडलं. ते इतकं सोपं आहे की इथे पूर्ण देता येईल.

हवेचा प्रत्येक कण वाहता वाहता स्वतःभोवतीही फिरत असतो. या फिरण्याला आपण पीळ म्हणू. तिन्ही दिशांना मोकळ्या असलेल्या प्रवाहात भोवरा उभा ताणला जातो, बारीक होतो आणि त्याचा पीळ वाढतो. ऊर्जा लहान आकारांकडे उतरते ती याच मार्गाने. पातळ थरात हा मार्ग बंद असतो, कारण ताणायला उभी जागाच नाही. परिणामी तिथे एका ऐवजी दोन जमाखर्च सांभाळावे लागतात: ऊर्जेची बेरीज तर कायम राहायलाच हवी, शिवाय पिळाच्या वर्गाचीही बेरीज कायम राहायला हवी.

आता समजा, १,००० किलोमीटर आकाराच्या भोवऱ्यांत १०० एकक ऊर्जा आहे आणि पिळाच्या वर्गाचे १०० एकक आहेत. ती ५०० किलोमीटरच्या आणि २,००० किलोमीटरच्या भोवऱ्यांत वाटायची आहे. तेवढ्याच ऊर्जेमागे ५०० किलोमीटरच्या भोवऱ्यात पिळाचा वर्ग चौपट असतो आणि २,००० किलोमीटरच्या भोवऱ्यात पाव. दहावीच्या पुस्तकातली दोन चलांची समीकरणं मांडली तर एकच वाटणी बसते: ८० एकक ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांना आणि २० लहानांना. मोठ्यांकडे पिळाचे वीस, लहानांकडे ऐंशी. दोन्ही बेरजा १००. पीळ खाली उतरला आणि ऊर्जा वर चढली. अख्खी उलटी गंगा या चार ओळींत आहे.

फ्योर्टोफ्ट यांच्या आधी चार वर्षं, १९४९ मध्ये, लार्स ऑन्सागर यांनी अगदी वेगळ्या वाटेने तिथेच पोचून दाखवलं होतं. सपाट प्रवाहातले एकाच दिशेने फिरणारे छोटे भोवरे पुरेशी ऊर्जा मिळाली की एकमेकांपाशी गोळा होतात, असं त्यांचं संख्याशास्त्र सांगत होतं. ऑन्सागर यांना पुढे नोबेल मिळालं ते रसायनशास्त्रासाठी. भोवऱ्यांवरच्या या लेखाकडे बराच काळ फारसं कोणी वळलं नाही.

या सगळ्याला सिद्धांताचं रूप दिलं रॉबर्ट क्रेचनन यांनी. हा माणूस तरुणपणी प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांचा सहायक होता. पुढे त्यांनी विद्यापीठांची वाट सोडली आणि संशोधनासाठी मिळणाऱ्या अनुदानांवर, न्यू हॅम्पशरच्या डोंगराळ भागात राहून, स्वतंत्रपणे खळबळीचं गणित केलं. १९६७च्या त्यांच्या लेखात अंदाज होता तो असा: सपाट प्रवाह एका ठराविक आकारावर ढवळत राहिलं, तर ऊर्जा तिथून मोठ्या आकारांकडे चढत जाईल, पीळ लहान आकारांकडे उतरत जाईल, आणि चढणाऱ्या ऊर्जेची वाटणी कोल्मोगोरोव्ह यांच्याच नियमाने होईल, फक्त दिशा उलटी. वाटेत काही आडवं आलं नाही तर शेवटी सगळी ऊर्जा भांड्यात मावेल त्या सर्वांत मोठ्या आकारात साठेल. त्या वेळचे संगणक हे तपासायला अपुरे होते. क्रेचनन बरोबर होते हे प्रयोगशाळांनी आणि संगणकांनी पुढच्या दोन-तीन दशकांत दाखवलं.

खरी हवा काही कागदासारखी सपाट नसते, हा आक्षेप रास्त आहे. त्याला १९७१ मध्ये चार्नी यांनी उत्तर दिलं. जलद फिरणाऱ्या ग्रहावर, हलकी हवा वर आणि जड हवा खाली अशी थर लावून बसलेली असली, की मोठ्या आकाराच्या हालचालींना तशीच दोन बंधनं पडतात. जाडी असूनही हवा सपाट थरासारखी वागते.

इथवर भोवरे मोठे का होतात ते कळलं. पट्टे का होतात ते अजून नाही. क्रेचनन यांचं गणित गुरूला लावलं तर अख्ख्या ग्रहाएवढा एकच भोवरा व्हायला हवा. तो होत नाही, कारण गुरू गोल आहे आणि फिरतो आहे.

फिरत्या गोलावर स्वस्थ असलेल्या हवेलाही ग्रहाकडून एक पीळ मिळालेला असतो: ध्रुवावर पुरेपूर, विषुववृत्तावर शून्य. हवा उत्तर-दक्षिण सरकली की हा मिळालेला पीळ बदलतो, त्याची भरपाई म्हणून ती स्वतःच फिरू लागते आणि परत मूळ अक्षांशाकडे ओढली जाते. यातून मंद, प्रचंड लाटा उठतात. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी १९३९ मध्ये त्यांचा अभ्यास केला. आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या हवेला मात्र अशी कसलीच आडकाठी नाही.

भोवऱ्यांचं विलीनीकरण आणि रॉस्बी यांच्या लाटा या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या त्या पीटर ऱ्हाइन्स यांनी. ते मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेत होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न समुद्रातल्या भोवऱ्यांचा होता. १९७५च्या त्यांच्या लेखातला युक्तिवाद साधारण असा. लहान भोवरा इतका चपळ असतो की ग्रह फिरतो आहे याची त्याला जाणीवच होत नाही. तो शेजाऱ्यांत मिसळून वाढत जातो. वाढता वाढता त्याची गिरकी मंदावते. एका आकाराला पोचला की त्याची एक गिरकी आणि लाटेचं एक हेलकावणं यांना सारखाच वेळ लागू लागतो. तिथून पुढे त्याला उत्तर-दक्षिण पसरता येत नाही. वर चढणारी ऊर्जा थांबत तर नाहीच. मग ती मोकळ्या दिशेला वळते. भोवरे पूर्व-पश्चिम लांबतात, एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे झोतवारे होतात.

तो आकार काढायचं सूत्रही आटोपशीर आहे: वाऱ्याचा वेग भागिले ग्रहाचा पीळ अक्षांशागणिक ज्या दराने बदलतो तो दर, आणि त्याचं वर्गमूळ. पृथ्वीच्या मध्य अक्षांशांसाठी यातून ढोबळमानाने ३,००० किलोमीटर रुंदीचा पट्टा निघतो. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचं अंतर १०,००० किलोमीटर, म्हणजे एका गोलार्धात एक-दोन झोतवारे मावतात, आणि आपल्याकडे आहेतही तितकेच. गुरूची त्रिज्या पृथ्वीच्या अकरा पट आणि त्याचा दिवस दहा तासांपेक्षाही थोडा कमी. तिथे पट्ट्याची रुंदी सुमारे १०,००० किलोमीटर येते, आणि विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचं अंतर मात्र १,१०,००० किलोमीटरच्या जवळपास. एका गोलार्धात दहाच्या आसपास पट्टे. वर्गमूळ काढून ग्रहाचं चित्र जुळावं, हे इतकं चांगलं आहे की थोडा संशयच यावा. सूत्रात वाऱ्याचा वेग आधी मोजून घालावा लागतो, ही त्याची मर्यादा. तो वेग तेवढाच का, हे सूत्र सांगत नाही.

तीन वर्षांनी प्रिन्स्टनच्या भूभौतिक प्रवाह प्रयोगशाळेतल्या गॅरेथ विल्यम्स यांनी हे संगणकावर करून पाहिलं. पृथ्वीच्या हवामानाची समीकरणं घेतली, त्यात गुरूचा आकार आणि त्याची गती घातली, आणि हवेला लहान लहान भोवऱ्यांनी वेडंवाकडं ढवळत ठेवलं. पट्ट्यांचं चित्र आत कुठेही भरलेलं नव्हतं. थोड्या वेळाने पडद्यावर गुरूसारखे पट्टे उमटले. हा लेख १९७८ मध्ये छापून आला. व्हॉयेजर-१ तेव्हा वाटेवर होतं.

५ मार्च १९७९ला ते गुरूच्या सर्वांत जवळ पोचलं, ९ जुलैला व्हॉयेजर-२. आता गुरूवरही तेच करता येणार होतं जे स्टार यांनी पृथ्वीवर केलं होतं. कॅलटेकचे अँड्र्यू इंगरसोल आणि त्यांचे सहकारी चित्रांच्या जोड्या घेऊन बसले आणि ढगांच्या हजारो खुणा किती सरकल्या ते मोजलं. निष्कर्ष स्टार यांच्यासारखाच निघाला, फक्त कितीतरी जोरकस: भोवरे आपला संवेग झोतवाऱ्यांना देत होते, आणि तोही अशा दराने की झोतवाऱ्यांची सगळी ऊर्जा काही महिन्यांत नव्याने भरली जावी. त्यावर आक्षेपही आला. माणूस डोळ्यांनी खुणा निवडतो, ठळक ढग जास्त निवडतो, आणि त्यामुळे मोजमाप एका बाजूला झुकतं, असा. आक्षेपात तथ्य होतं. शनीकडे निघालेलं कॅसिनी यान डिसेंबर २०००मध्ये गुरूजवळून गेलं. त्याच्या चित्रांवरचं मोजमाप यंत्राकरवी केलं गेलं आणि २००६ मध्ये ते छापलं गेलं. आकडे थोडे बदलले, दिशा तीच राहिली.

तांबड्या डागाची गोष्ट याहून वाकडीतिकडी आहे. केंब्रिजमध्ये १९५०च्या दशकाच्या आरंभी रेमंड हाइड नावाचा विद्यार्थी पृथ्वीच्या गाभ्याचा अभ्यास करायचा म्हणून एकात एक असलेल्या दोन नळकांड्यांमध्ये पाणी भरून ते फिरवत होता. पाण्यात नागमोडी झोत उमटले आणि त्याचं आयुष्य ग्रहांच्या हवेकडे वळलं. त्याच सुमारास शिकागोत डेव्ह फुल्ट्झ फिरत्या परातीतल्या पाण्याला काठाशी ऊब देऊन हवामान घडवत होते. हाइड यांनी १९६१ मध्ये तांबड्या डागाचा एक देखणा सिद्धांत मांडला: गुरूच्या पोटात एखादा उंचवटा असावा, आणि जलद फिरणाऱ्या द्रवात अशा उंचवट्याच्या डोक्यावर पाण्याचा एक खांबच्या खांब अडकून राहतो, तसा हा डाग म्हणजे त्या खांबाचा वरचा माथा. प्रयोगशाळेत हे खांब दिसतात, खोटं काही नाही. पण डाग जागचा हलत असतो, कधी पुढे, कधी मागे, आणि ते निरीक्षकांना शंभर वर्षं माहीत होतं. जमिनीला बांधलेला डाग असा भटकत नाही. सिद्धांत सुंदर होता, म्हणून तो मरायला वेळ लागला.

१९८८ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन लेख आले. बर्कलीच्या फिलिप मार्कस यांनी संगणकावर, आणि टेक्सास विद्यापीठात जोएल सोमेरिया, स्टीव्हन मायर्स व हॅरी स्विनी यांनी पाण्याच्या फिरत्या टाकीत, एकच गोष्ट दाखवली. टाकीचा तळ उतरता होता, म्हणजे ग्रहाच्या गोलाईची जागा त्या उताराने घेतली. तळातल्या छिद्रांतून पाणी आतबाहेर पंप केलं जाई. सुरुवातीला अनेक भोवरे होत, ते एकमेकांत मिसळत जात, आणि शेवटी खळबळाटाच्या मधोमध एकच मोठा भोवरा तग धरून राही. तळाशी उंचवटा नव्हता की पाण्याच्या पोटात काही लपवलेलं नव्हतं.

तांबडा डाग साडेतीनशे वर्षांचा आहे, हे विधान आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांपासून दिनदर्शिकांपर्यंत सगळीकडे सापडतं. जोव्हानी कॅसिनी यांनी १६६५ पासून गुरूवर एक ‘कायमचा डाग’ पाहिला होता, हे खरं. पण १७१३ नंतर शतकभराहून जास्त काळ तिथे तसा डाग पाहिल्याची नोंद नाही. आजच्या डागाचा पहिला पक्का पुरावा १८३१ सालच्या एका चित्रात आहे. ते काढणारे हाइनरिख श्वाबे हे डेसाऊचे औषधविक्रेते, ज्यांनी सूर्यडागांचं चक्र शोधलं तेच. बास्क प्रदेशातले अगुस्तीन सांचेस-लावेगा आणि त्यांचे सहकारी यांनी २०२४ मध्ये जुनी चित्रं आणि मापं तपासून सांगितलं की दोन्ही डाग वेगळे. त्यांच्या संगणकी प्रयोगांत आणखी एक गोष्ट निघाली: छोटे भोवरे मिसळून आजचा डाग तयार झाला, हे बसत नाही. दोन विरुद्ध वाऱ्यांमधली हवेची लांबलचक पन्हळी अस्थिर होऊन मिटत गेली आणि तिचा डाग झाला, हे जास्त संभवतं. म्हणजे भोवरे गिळणं हा डागाचा आहार ठरतो, त्याचा जन्म त्यातून झाला असं म्हणता येत नाही.

असा जन्म माणसाने एकदा पाहिलेलाही आहे. १९३९-४०च्या सुमारास दक्षिण समशीतोष्ण भागातला एक फिकट पट्टा तीन जागी तुटला आणि त्याचे तीन लांबोडे तुकडे झाले. आकसत आकसत ते तीन पांढरे अंडाकृती डाग बनले. जवळजवळ साठ वर्षं ते एकमेकांचा पाठलाग करत राहिले. १९९८ मध्ये त्यातले दोन एक झाले, २००० मध्ये तिसराही त्यात मिसळला. उरलेला एकटा डाग २००६च्या आरंभी तांबूस दिसू लागला, आणि हे पहिल्यांदा टिपलं ते फिलिपीन्समधल्या ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाने. क्रेचनन यांचं १९६७चं गणित पुढे ग्रहावर डोळ्यांदेखत घडलं ते असं.

मागे राहिला तो पट्ट्यांच्या खोलीचा वाद. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिड्रिख बुसे १९७६ पासून म्हणत होते की पट्टे ही वरवरची बाब नाही: गुरूच्या पोटातून वर येणारी उष्णता फिरण्यामुळे एकात एक बसलेल्या नळकांड्यांच्या रूपात वाहते, आणि आपल्याला दिसतात ती त्या नळकांड्यांची टोकं. हवामानवाल्यांना हे मान्य नव्हतं. त्यांचा खेळ ढगांच्या पातळ थरातच चालत होता. ७ डिसेंबर १९९५ला गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी गुरूच्या ढगांत शिरली आणि तासाभराने तिचा आवाज बंद पडला. तेवढ्या वेळात तिने कळवलं की सूर्यप्रकाश पोचत नाही अशा खोलीवरही वारा मंदावत नाही. पण तिने पाहिला तो थर शे-दीडशे किलोमीटरचा. त्यावरून ७०,००० किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्याबद्दल बोलणं धाडसाचंच.

निकाल लागला तो जुनो यानाकडून, आणि त्याची युक्ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत चलाख वाटते. वायूचा फिरता गोळा उत्तर-दक्षिण सारखाच असायला हवा, त्यामुळे त्याचं गुरुत्वाकर्षणही. गुरूचे वारे मात्र दोन्ही गोलार्धांत सारखे नाहीत. ते खोलवर जात असतील तर वस्तुमानही थोडं असमान वाटलं जाणार, आणि गुरुत्वाकर्षणात उत्तर-दक्षिण फरक दिसणार. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनोच्या रेडिओ-संदेशांतल्या सूक्ष्म बदलांवरून हा फरक मोजला गेला. मार्च २०१८ मध्ये जाहीर झालेलं उत्तर: वारे सुमारे ३,००० किलोमीटर खोल जातात. त्याखाली दाबामुळे हायड्रोजन वीजवाहक होऊ लागतो आणि चुंबकीय क्षेत्र वाऱ्याला आवरतं. बुसे यांची नळकांडी गाभ्यापर्यंत पोचत नाहीत, आणि हवामानवाल्यांचा पातळ थरही पुरा पडत नाही. दोघेही अर्धे बरोबर निघाले. तरी पट्ट्यांना ढकलणारे हात कोणाचे, या प्रश्नावर मात्र स्टार आणि ऱ्हाइन्स यांचंच पारडं जड राहिलं. २०२१ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या केरेन दुएर आणि सहकाऱ्यांना जुनोच्या सूक्ष्मलहरी मापनात प्रत्येक गोलार्धात अमोनिया वर-खाली नेणारी आठ-आठ चक्रं सापडली. वादळं झोतवाऱ्यांना ढकलत असली की जशी व्हायला हवीत, तशीच ती आहेत.

ध्रुवांवर तर सिद्धांताची जणू परीक्षाच होती. ध्रुवाजवळ ग्रहाचा पीळ अक्षांशागणिक फारसा बदलत नाही. लाटा दुबळ्या, भोवऱ्यांना आवर घालणारं कोणी नाही. तिथे पट्टे नसावेत आणि भोवरे असावेत. जुनोने पाहिलं तेव्हा उत्तर ध्रुवाच्या मध्यावरच्या वादळाभोवती आठ आणि दक्षिण ध्रुवाच्या वादळाभोवती पाच चक्रीवादळं, एकमेकांना खेटून, वर्तुळात उभी होती. पट्टे नव्हतेच. २०२२ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ लिआ सीगेलमन यांनी जुनोच्या अवरक्त चित्रांवरून दाखवलं की तिथे शे-सव्वाशे किलोमीटरच्या आकाराचे, उकळून वर येणारे ढग ऊर्जा पुरवतात आणि ती ऊर्जा मोठ्या वादळांकडे चढत जाते. क्रेचनन यांच्या लेखाला तेव्हा ५५ वर्षं झाली होती.

इतकं सगळं यानांनी केलं, तरी गुरूवरची पाळत अजून घराच्या गच्चीवरून ठेवली जाते. २०१०च्या सुरुवातीला गुरूच्या दोन मुख्य गडद पट्ट्यांपैकी दक्षिणेकडचा फिकट होत चक्क दिसेनासा झाला. वारे जवळपास पूर्वीसारखेच वाहत होते, फक्त वरच्या ढगांनी रंग झाकला होता. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला त्या फिकट भागात एक लहानसा तेजस्वी ठिपका उसळलेला ख्रिस्तोफर गो यांनाच दिसला, आणि पुढच्या काही महिन्यांत त्याच्यामागून उसळलेल्या भोवऱ्यांच्या रांगेने अख्खा पट्टा परत गडद केला. हे पट्टे बघायला चार इंची दुर्बीण पुरते. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांच्या आकाशदर्शनात गुरू असेल त्या रात्री रांगेत उभे राहा, पट्टे मोजा, आणि फोटो काढता येत असेल तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा. असे फोटो शास्त्रज्ञ आजही वापरतात.